इस्लामिक बँकेतली ऑडिट कमिटी: गाडी विकली त्या वेळी ती बँकेची होती का, हे विचारणार कोण?

मनामाकर

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की इस्लामिक बँक म्हणजे व्याज हा शब्द खोडायचा आणि नफा लिहायचा, बाकी सगळं तेच. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय. मी मूळचा चिपळूणचा, सीए, बहरीनमध्ये अकरा वर्षं काढली आणि त्यातली सात एका इस्लामिक बँकेच्या इंटर्नल ऑडिटमध्ये. बँकेचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

आधी मुराबहा समजून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तुम्हाला गाडी हवी आहे. साधी बँक तुम्हाला पैसे देते आणि व्याज लावते. इस्लामिक बँक पैसे देत नाही, ती शोरूमकडून गाडी स्वतः विकत घेते आणि मग नफा जोडून तुम्हाला हप्त्याने विकते. समजा ६,००० दिनारला घेतली आणि चार वर्षांच्या हप्त्याने ७,२०० ला विकली. ते वरचे १,२०० बँकेला हलाल कशामुळे, तर मधल्या काळात गाडी बँकेच्या मालकीची आणि बँकेच्या जोखमीवर होती म्हणून. तो मधला काळ पाच मिनिटांचा असेल, चालेल, पण तो असायलाच लागतो आणि क्रम उलटा होऊन चालत नाही. आधी खरेदी, मग विक्री. क्रम उलटला की ते १,२०० म्हणजे पैशावर घेतलेले पैसे, आणि मग बँकेच्या पाटीवरचा इस्लामिक शब्द खोटा.

आता एक फाईल सांगतो, ती अजून डोळ्यासमोर आहे. फिकट पिवळी डिलिव्हरी नोट, त्यावर शोरूमचा निळा शिक्का, तारीख रविवारची. शोरूमचं बिलही रविवारचं. आणि मुराबहा करारावर गिऱ्हाइकाची सही आदल्या गुरुवारची. आमच्याकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी. म्हणजे बँकेने जी गाडी गुरुवारी विकली ती तिने घेतली रविवारी! आणि सिस्टीमने नफा मोजायला सुरुवात गुरुवारपासूनच केलेली.

मी त्याच शोरूमच्या बाकीच्या फायली मागवल्या. बऱ्याच फायलींत तेच. कोणी चोरी करत नव्हतं हो, कारण अगदी साधं होतं, गिऱ्हाइकाला दोनदा हेलपाटा नको म्हणून ब्रँचची पोरं सगळ्या सह्या एकदमच घेऊन ठेवायची.

रिपोर्ट ऑडिट कमिटीपुढे गेला. कमिटीचे अध्यक्ष जुने बँकर, माणूस सज्जन. ते म्हणाले हा शरियाचा विषय आहे, शरिया बोर्डाकडे, म्हणजे बँकेच्या धर्मशास्त्र जाणणाऱ्या मंडळाकडे, पाठवा. शरिया बोर्डाच्या ऑफिसातून उत्तर आलं की सिस्टीममधली तारीख आणि नफा कधी धरायचा हा हिशोबाचा विषय आहे, फायनान्सला विचारा. फायनान्स म्हणालं आमच्या आकड्यांवर बाहेरच्या ऑडिटरची सही आहे. तीन महिने तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. मला रात्री झोप लागायची नाही, खोटं नाही सांगत, कारण त्या तीन महिन्यांत तशाच सह्या रोज होत होत्या.

शेवटी ऑडिट कमिटी आणि शरिया बोर्डाचे सदस्य एका खोलीत बसवले तेव्हा कुठे निकाल लागला. त्या करारांवरचा नफा बँकेचं उत्पन्न नाही, तो दानाच्या खात्यात जाईल. फायनान्सने तेवढी रक्कम उत्पन्नातून काढली, वार्षिक अहवालाच्या टिपेत उल्लेख आला. बँकेच्या मानाने रक्कम अगदी किरकोळ होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की इस्लामिक बँकेत ऑडिट कमिटीला "हे शरियाचं, ते हिशोबाचं" अशी वाटणी करताच येत नाही. वस्तू कोणत्या क्षणी कोणाची होती हा एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एकाच वेळी धर्माचंही आहे आणि जर्नल एंट्रीचंही. तुमच्यापैकी कोणी गल्फमध्ये, मलेशियात किंवा आपल्याकडे सहकारी बँकेत ऑडिट केलं असेल तर अनुभव लिहा.

ताळेबंदवाली

फार छान लिहिलंय, पूर्ण वाचलं. मी पुण्यात, सहकारी बँका आणि पतसंस्थांचं ऑडिट करते, वीस वर्षं झाली. माझे प्रश्न बाळबोध वाटतील पण विचारते. शरिया बोर्ड आणि ऑडिट कमिटी ही दोन वेगळी मंडळं का? आणि या बँकांना अकाउंटिंग स्टँडर्ड कोणतं लागतं, आयएफआरएस म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, का त्यांचं स्वतःचं काही?

मनामाकर

ताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाहीत, गोंधळ सगळा तिथेच आहे.

स्वतःचं आहे. ते काढणाऱ्या संस्थेचं इंग्रजी लघुरूप एएओआयएफआय, आम्ही सगळे तिला आयोफी म्हणतो. २६ फेब्रुवारी १९९० ला अल्जियर्समध्ये करार झाला आणि २७ मार्च १९९१ ला बहरीनमध्ये नोंदणी. मुख्यालय मनामालाच. ती हिशोबाची, ऑडिटची, गव्हर्नन्सची आणि शरियाची अशी वेगवेगळी स्टँडर्ड काढते. हिशोबाच्या स्टँडर्डला एफएएस म्हणतात. मुराबहाचं पूर्वी एफएएस २ होतं, आता २८ आहे. इजाराचं म्हणजे भाड्याने देण्याच्या व्यवहाराचं ८ होतं ते आता ३२. बुडीत कर्जाच्या तरतुदीचं ३०.

पण आयोफीच्या हातात दंडुका नाही. देशाच्या मध्यवर्ती बँकेने लागू केलं तरच लागू. बहरीनमध्ये सक्तीचं आहे, ओमानमध्येही आहे. दुबई-अबुधाबीकडे गंमत बघा, तिथे १ सप्टेंबर २०१८ पासून आयोफीची शरिया स्टँडर्ड सक्तीची झाली पण ताळेबंद आयएफआरएसनेच करायचा. सौदीतही आयएफआरएस. मलेशियाचं कोणीतरी तिथलंच सांगेल. म्हणजे तोच मुराबहा, तीच गाडी, पण समुद्र ओलांडला की ताळेबंदात दिसणार वेगळी.

मंडळांचं म्हणाल तर शरिया बोर्ड म्हणजे फिकहचे, इस्लामी कायद्याचे, जाणकार, आयोफीच्या हिशोबाने किमान तीन. करार कसा असावा हे ते ठरवतात आणि वर्षाच्या शेवटी स्वतःचा रिपोर्ट देतात, तो वार्षिक अहवालात छापतात. ऑडिट कमिटी म्हणजे संचालक मंडळातले लोक. बहरीनमध्ये किमान तीन, बहुसंख्य आणि अध्यक्ष स्वतंत्र, वर्षाला किमान चार बैठका. आयोफीचं चौथं गव्हर्नन्स स्टँडर्ड याच कमिटीवर आहे, त्याचं नावच ऑडिट आणि गव्हर्नन्स कमिटी. कागदावर जबाबदारी स्वच्छ लिहिलेली आहे. पण कमिटीत बसणारे बहुतेक जण साध्या बँकांतून निवृत्त होऊन आलेले, त्यांना तरतूद, भांडवल, एनपीए तोंडपाठ, आणि मुराबहाचा क्रम म्हटलं की ते मौलानांकडे बघतात. मौलाना कराराचा मसुदा वाचतात, प्रत्यक्षात सही कधी झाली हे बघायला ते ब्रँचमध्ये बसलेले नसतात. फट पडते ती इथे.

केएलचा_नाशिककर

मनामाकर, अनुभव मोलाचा आहे पण आयोफीच्या बाजूने झुकलेला वाटला म्हणून मलेशियाची बाजू लिहितो. मी क्वालालंपूरमध्ये बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे, रिपोर्टिंगचं काम आमच्याकडेच.

इथे २०१२ पासून आयएफआरएसशी जुळणारं स्टँडर्ड सगळ्यांना, इस्लामिक बँकांनाही. त्याआधी २००९ मध्ये इथल्या स्टँडर्ड बोर्डाने भूमिका घेतली की इस्लामिक व्यवहारासाठी हिशोबाची वेगळी पद्धत लागत नाही, हिशोब म्हणजे झालेल्या व्यवहाराची नोंद, करार हलाल आहे का हे शरियावाले बघतील. मला हे पटतं. गुंतवणूकदाराला एक साधी बँक आणि एक इस्लामिक बँक शेजारी ठेवून बघता आली पाहिजे ना? दोघांचे ताळेबंद दोन भाषेत असतील तर तुलना करणार कशी?

आणि शरियाच्या बाबतीत आम्ही ढिले आहोत असं कोणी समजू नये. इथे मध्यवर्ती बँकेतच शरिया सल्लागार मंडळ आहे, १९९७ पासून, आणि २००९ च्या कायद्याने त्याचा निर्णय बँकांवरच काय कोर्टावरही बंधनकारक. दर बँकेला शरिया कमिटी, शरिया रिव्ह्यू, शरिया ऑडिट अशी वेगळी कामं वाटून दिलेली आहेत, चौकट २०११ पासून लागू आणि २०१९ मध्ये नवीन पॉलिसी आली. बहरीनमध्ये एका बँकेचं बोर्ड एक म्हणणार आणि दुसऱ्या बँकेचं दुसरं, मग ऑडिटरने कोणाचं धरायचं?

मनामाकर

शेवटचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. एकाच शहरात दोन बोर्डांची दोन मतं हा आमचा खरा दुखरा भाग आहे. पुढे इथेही शरिया गव्हर्नन्सचे नियम कडक झाले, बाहेरून स्वतंत्र शरिया ऑडिट करून घ्यावं लागतं, पण मलेशियासारखं एकमुखी झालेलं नाही.

पण हिशोब म्हणजे फक्त नोंद, हे मला नाही पटत. इजाराचंच घ्या. बँक घर विकत घेऊन भाड्याने देते आणि शेवटी तुमच्या नावावर करते. आयएफआरएसमध्ये असा व्यवहार बहुतेक वेळा फायनान्स लीज ठरतो, घर ताळेबंदातून गायब होतं आणि त्याच्या जागी येणं, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायचे पैसे दिसतात, हुबेहूब कर्जासारखे. आयोफीमध्ये घर बँकेच्या मालमत्तेत राहतं, बँक त्यावर घसारा काढते. आता ऑडिटर म्हणून माझ्या हातात काय येतं बघा. घर बँकेचं आहे असं ताळेबंद म्हणतोय, तर मग तकाफुलचा म्हणजे विम्याचा हप्ता कोणी भरला? छताची मोठी दुरुस्ती कोणी केली? मालक म्हणून ती बँकेची जबाबदारी आहे. मी बिलं मागतो. घर ताळेबंदातच नसेल तर हा प्रश्न ऑडिटरच्या डोक्यात येणारच नाही, तो येणं तपासेल, हप्ते आले का बघेल आणि पुढे जाईल. आकडा कुठे ठेवलाय त्यावरून माणूस काय विचारतो ते ठरतं.

केएलचा_नाशिककर

हे मात्र विचार करण्यासारखं आहे. आमच्याकडे तो प्रश्न शरिया ऑडिटवाले विचारतात, पण ते बिलं बघतात का फक्त करार, हे मी उद्या विचारतो.

बाणकोट_ते_मस्कत

सलाम सगळ्यांना. मी सीए वगैरे नाही, मस्कतला वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, गाव बाणकोटजवळ. आमच्याकडे ओमानमध्ये इस्लामिक बँका उशिरा आल्या, नियम २०१२ च्या शेवटी आले आणि पहिली बँक २०१३ मध्ये. त्याआधी मी आणि माझ्यासारखे किती जण पगार आला की काढून घ्यायचे किंवा व्याज आलं की गरिबाला देऊन टाकायचे. बँक उघडली त्या वर्षी मी मुदारबा खातं काढलं. तिथल्या पोराने समजावलं की तुमचे पैसे आम्ही धंद्यात लावू, नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटू, तोटा झाला आणि आमचा निष्काळजीपणा नसेल तर तो तुमचा. मी सही केली, कारण तेच खरं आहे, नफा पाहिजे तर तोट्याची तयारी पाहिजे, हे आमच्या आजोबांना पण माहीत होतं, ते मचव्यात भागीदारी करायचे.

पण आता तुमचा धागा वाचून विचारतो. तोटा माझा, पण बँकेत माझं मत नाही. शेअरवाल्याला मत आहे. साध्या बँकेच्या ठेवीदाराला मत नाही पण त्याचे पैसे ठरलेले. मी तर मधेच लटकलेला. मग ती ऑडिट कमिटी माझ्यासाठी काय करते?

मनामाकर

बाणकोटकर भाऊ, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

तुम्ही लटकलेले आहात हे आयोफीलाही माहीत आहे. म्हणून आयोफीच्या ताळेबंदात तुमचे पैसे ना बँकेच्या देण्यात धरतात ना भागधारकांच्या भांडवलात, दोन्हीच्या मधे वेगळी ओळ असते, गुंतवणूक खातेदारांची. आयएफआरएसमध्ये तशी मधली जागा नाही, तिथे तुम्हाला बहुतेक देण्यातच टाकतात म्हणजे साध्या ठेवीसारखं.

आता खरी गोष्ट. बँक दोन राखीव निधी ठेवू शकते. एक नफा समतोल राखीव, तो एकूण नफ्यातून बाजूला काढतात, बँकेने आपला हिस्सा घेण्याच्या आधी. दुसरा जोखीम राखीव, तो बँकेचा हिस्सा गेल्यावर फक्त तुमच्या वाट्यातून काढतात. चांगल्या वर्षी बाजूला ठेवायचं, वाईट वर्षी त्यातून द्यायचं, म्हणजे तुमच्या हातात येणारा दर दरवर्षी साधारण सारखा दिसतो. बँका हे का करतात? शेजारची साधी बँक जास्त देतेय असं दिसलं की तुम्ही पैसे काढून न्याल ही भीती.

याच्यात वाईट काही आहेच असं नाही. पण समजा तुम्ही पाच वर्षं खातं ठेवलं, तुमच्या वाट्यातून राखीव निधी भरत गेला आणि सहाव्या वर्षी तुम्ही गावाला परत आलात. तो निधी नंतर येणाऱ्या खातेदाराला मिळणार. किती काढायचा, कधी वापरायचा हे मॅनेजमेंट ठरवतं. ऑडिट कमिटीने इथे तुमच्या वतीने विचारायचं असतं की हा आकडा कशावरून ठरवला, गेल्या वर्षी वेगळा का होता, आणि सामाईक खर्चातला किती भाग खातेदारांच्या डोक्यावर टाकला, मुख्यालयाचं भाडं तर नाही ना टाकलं. माझ्या सात वर्षांत हा प्रश्न कमिटीत स्वतःहून दोनदाच आला. दोन्ही वेळा तो एकाच बाईंनी विचारला, त्या बोर्डावर नवीन होत्या.

बाणकोट_ते_मस्कत

त्या बाईंना माझे सलाम. पुढच्या वेळी बँकेत जाईन तेव्हा राखीवाचं विचारतो.

स्पष्ट_बोलणारा

सगळं वाचलं, मेहनतीने लिहिलंय हे खरं, पण मला अजून ते व्याजच वाटतंय. ६,००० चे ७,२०० होतात आणि दर ठरवताना बाजारातला व्याजदरच बघतात, मग गाडी पाच मिनिटं बँकेची होती याने काय फरक पडला? आणि हप्ता चुकला तर दंड लावतातच ना? शिवाय देवाधर्माचं नाव आलं की लोक प्रश्न विचारायला कचरतात. दुबई इस्लामिक बँक १९७५ ची, या क्षेत्रातली पहिल्या फळीतली. तिथे १९९५ ते १९९८ मध्ये एका मॅनेजरने एका परदेशी ठकाच्या नादाने तब्बल २४ कोटी २० लाख डॉलर बाहेर पाठवले, तीन वर्षं, १८३ वेळा. तेव्हा कमिटी कुठे होती?

मनामाकर

तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मुसलमान विद्वानांमध्येच जोरात वाद आहेत, आणि दर बाजाराकडे बघून ठरतो हेही खरं. मी तुम्हाला मत बदला म्हणणार नाही. पण बँक स्वतः म्हणते की आमचा व्यवहार असा आहे. ती जे म्हणते ते करते का, हे बघणं ऑडिटचं काम, आणि ते काम तुमचं मत काहीही असलं तरी करावंच लागतं.

दंडाचं उत्तर मात्र पक्कं आहे. दंड लावतात पण तो बँकेच्या उत्पन्नात घेता येत नाही, वसुलीचा खराखुरा खर्च वजा करून बाकी दानात जातो. ताळेबंदासोबत दानाच्या निधीचं वेगळं पत्रक असतं, पैसा कुठून आला आणि कुठे गेला. मी दरवर्षी पहिल्यांदा तेच उघडायचो. थकीत खाती वाढली आणि दानाच्या निधीत दंडाची रक्कम मात्र कमी झाली तर कुठेतरी पाणी मुरतंय, एकतर दंड माफ केले किंवा तो चुकून उत्पन्नात गेलाय.

दुबईच्या प्रकरणाचं समर्थन कोण करणार? शरिया बोर्ड असल्याने साधी कंट्रोल आपोआप येत नाहीत. बाहेर जाणाऱ्या पैशावर दोन सह्या लागतात हा नियम सगळ्याच बँकांचा.

ढाक्यात_चार_वर्षं

मी इचलकरंजीचा, टेक्स्टाईलमध्ये, ढाक्याजवळ एका निटिंग युनिटला चार वर्षं होतो. मनामाकरांची बँक बरी म्हणायची, तिथे कागद निदान फिरला तरी.

बांगलादेशात इस्लामी बँक बांगलादेश १९८३ ला सुरू झाली, देशातली मोठी बँक, गल्फमधून येणारे कामगारांचे पैसे तिच्यातून यायचे, लोकांचा जीव होता तिच्यावर. जानेवारी २०१७ मध्ये तिचे चेअरमन, एमडी सगळे एका बैठकीत बदलले आणि चट्टग्रामच्या एका उद्योगसमूहाचा ताबा आला. त्याच समूहाच्या हातात आणखीही इस्लामिक बँका होत्या. पुढची सात वर्षं काय झालं ते ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार गेल्यावर बाहेर आलं. मध्यवर्ती बँकेने बोर्डं बरखास्त केली, बाहेरच्या फर्मकडून कर्जांची तपासणी करून घेतली, आणि २०२५ मध्ये पाच बँका एकत्र करून सम्मिलित इस्लामी बँक काढायचं ठरलं. त्या पाचातल्या तीन बँकांत कर्जाच्या दर शंभर टाकांतले (टाका म्हणजे तिथलं चलन) नव्वदच्या वर थकीत निघाले.

या सगळ्या बँकांना ऑडिट कमिटी होती. शरिया कौन्सिल होतं. वार्षिक अहवाल चकचकीत कागदावर, त्यात दोन्हींचे रिपोर्ट. आमच्या युनिटची एक एलसी, म्हणजे मालाच्या पैशांची बँकेने दिलेली हमी, एका बँकेत अडकली होती, सुताचा माल बंदरात पडलेला, बाहेरच्या देशाच्या बँका त्या बँकेची हमी घ्यायला तयार नव्हत्या. मी ब्रँच मॅनेजरसमोर दोन तास बसलो होतो, तो माणूस काही बोलू शकत नव्हता, फक्त चहा मागवत होता. त्याच्या टेबलावरच्या काचेखाली शरिया कौन्सिलचं प्रमाणपत्र लावलेलं होतं.

आता मला मनामाकरांना विचारायचंय. तिथे मुराबहा कागदावर झाला, माल कधी आलाच नाही. कंपनी कागदी, गोदाम कागदी. म्हणजे तुमचाच प्रश्न ना, वस्तू कोणाची होती? तिथे तर वस्तूच नव्हती.

मनामाकर

हो. तोच प्रश्न. आणि म्हणून मला तो तारखेचा किरकोळ दोष किरकोळ वाटला नाही. साध्या बँकेच्या कर्जात पैसा कशासाठी वापरला हे ऑडिटर नंतर तपासतो. मुराबहामध्ये तर करारातच माल आहे. एका ऑडिटरने एकदा जरी गोदामात जाऊन माल बघितला असता, एक डिलिव्हरी चलन ट्रकच्या नंबरशी लावून बघितलं असतं, तरी समजलं असतं. मुराबहात खोटं कर्ज लपवायला जास्त कागद लागतात, म्हणजे पकडायलाही जास्त जागा असतात. पण ऑडिट कमिटीतच मालकाची माणसं बसली असतील तर स्टँडर्ड आयोफीचं असो नाहीतर आयएफआरएसचं, उपयोग नाही.

ताळेबंदवाली

हे वाचताना मला सतत पीएमसी बँक आठवत होती. सप्टेंबर २०१९, आधी फक्त हजार रुपये काढायची परवानगी, मुंबईत ब्रँचबाहेर म्हातारी माणसं रडत होती. ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर समूहाला, आणि ते लपवायला २१,०४९ खोटी खाती. तिथेही ऑडिटर होते, संचालकांची समिती होती. खात्यांची यादी समोर आली की आपण एकूण बेरीज जुळते का बघतो, आणि खात्यातला माणूस खरा आहे का हे नमुन्यापुरतंच. मी स्वतः तेव्हापासून नमुना माझ्या हाताने निवडते, बँकेने काढून दिलेल्या फायली घेत नाही. पहिल्या वर्षी एका पतसंस्थेच्या मॅनेजरना राग आला, चिडून कपाटाच्या किल्ल्या टेबलावर टाकल्या. मी किल्ल्या घेतल्या आणि कपाट उघडलं.

बेळगावचा_वाचक

एक मुद्दा आपल्याकडचा. भारतात इस्लामिक बँक नाही. २००८ च्या रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा म्हटलं होतं, २०१५ मध्ये दीपक मोहंती समितीने साध्या बँकांत बिनव्याजी खिडकी सुचवली, आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारात उत्तर दिलं की प्रस्ताव पुढे न्यायचा नाही. पटो न पटो, निर्णय तो आहे. पण लोकांची गरज संपत नाही ना. मग बंगलोरच्या आयएमएसारखे लोक ती जागा भरतात, हलाल गुंतवणूक म्हणून, दर महिन्याला नफा. जून २०१९ मध्ये बुडालं. आमच्या ओळखीच्या एका शिलाईवाल्या बाईंचे मुलीच्या लग्नाचे पैसे गेले. ती बँक नव्हतीच, तिथे ना ऑडिट कमिटी, ना शरिया बोर्डाचा रिपोर्ट, ना कोणतं स्टँडर्ड. पण बाईंना हे कोण सांगणार? त्यांना पोस्टरवरचा हलाल शब्द दिसला.

केएलचा_नाशिककर

परत आलो. विचारलं. आमच्या एका क्लायंटकडे शरिया ऑडिटमध्ये इजाराच्या तकाफुलची बिलं नमुन्यात आहेत, दुसऱ्याकडे फक्त करार तपासतात. मनामाकर, तुमचा मुद्दा अर्धा सिद्ध झाला म्हणा.

पण एक उलटा प्रश्न. कोविडमध्ये बहरीनच्या बँकांचे ताळेबंद बघितले होते, त्यात "मध्यवर्ती बँकेने बदल केल्याप्रमाणे आयोफी" असं लिहिलेलं. म्हणजे स्टँडर्ड हवं तेव्हा वाकवता येतं?

मनामाकर

बरोबर पकडलंत. मार्च २०२० मध्ये इथे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, जादा नफा न लावता. त्यामुळे बँकांचं जे नुकसान झालं ते स्टँडर्डप्रमाणे नफा-तोट्यात यायला हवं होतं, मध्यवर्ती बँकेने ते थेट भांडवलातून वजा करायला सांगितलं. म्हणजे त्या वर्षीचा नफा जास्त दिसला. कारण समजतं, काळ तसा होता. ऑडिटरच्या रिपोर्टमध्ये आणि टिपेत ते स्पष्ट लिहिलं गेलं हे चांगलं. पण मला तेव्हाही वाटलं होतं आणि आत्ताही वाटतं की तोटा नफा-तोट्यातच दिसायला हवा होता, बाणकोटकर भाऊंसारख्या माणसाला तो तिथे शोधता आला असता.

आर्टिकल_दुसरं_वर्ष

सर, मी सांगलीत आर्टिकलशिप करतेय. बांगलादेशचं वाचून अंगावर काटा आला. एक राहिलं, त्या शोरूमच्या फायलींचं पुढे काय झालं? पद्धत बदलली का?

मनामाकर

बदलली. त्या बैठकीनंतर ऑडिट कमिटीने ठरवलं की खरेदीच्या बिलावर आणि मुराबहा करारावर तारखेबरोबर वेळही लिहायची, आणि खरेदीची नोंद झाल्याशिवाय सिस्टीम विक्रीचा करार छापणारच नाही. पोरं वैतागली, गिऱ्हाइकं वैतागली. मग बँकेने शोरूममध्येच आपला एक माणूस बसवला. खरेदी ११:२०, विक्री ११:४५, असं दिसायला लागलं.

स्पष्ट_बोलणारा

म्हणजे पंचवीस मिनिटं गाडी बँकेची. आणि त्या पंचवीस मिनिटांत गाडीला काही झालं तर खरंच बँक भरते? मनापासून विचारतोय.

मनामाकर

एकदा झालं. शोरूमच्या आवारातच ट्रॉली मागे घेताना डाव्या बाजूचा आरसा फुटला. खरेदी झालेली होती, विक्री व्हायची होती, गिऱ्हाईक आत पेन हातात घेऊन बसलेलं. शोरूम म्हणालं गाडी आता तुमची. आमचा माणूस नवीन, त्याने मला फोन केला, सर सही घेऊन टाकू का, नंतर बघू. मी म्हटलं थांब. आरसा बदलायला दोन दिवस गेले, बिल बँकेने भरलं, ३८ दिनार. विक्री त्यानंतर, ठरलेल्याच किमतीला. ते बिल मी पुढच्या बैठकीत ऑडिट कमिटीच्या फाईलला पहिल्या पानावर लावलं होतं.